ब्रेक पॅडची निवड : शहरातील कोंडी आणि घाटातील उतार

बंगळुरू शहराच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा परिसर माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांसाठी आणि बाह्य वळण रस्त्यावरील वाहतूक कोंडीसाठी ओळखला जातो. येथील मोटारीचा ब्रेक दिवसभरात असंख्य वेळा दाबला जातो, मात्र त्या वेळी गाडीचा वेग बहुधा कमी असतो. नोकरीनिमित्त येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाची हीच मोटार सुट्टीत राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून मुंबईकडे निघाली, की तिला अखेर खंडाळ्याचा घाट उतरावा लागतो. ब्रेक पॅड बदलताना या दोन्ही परिस्थितींचा विचार होणे आवश्यक असते.

ब्रेक दाबल्यावर कॅलिपरमधील पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी दाबले जातात. घर्षणामुळे गाडीच्या गतीचे रूपांतर उष्णतेत होते. वेग दुप्पट झाल्यास ही उष्णता चौपट होते. त्यामुळे ताशी ३० किलोमीटर वेगाच्या तुलनेत ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी थांबवताना सुमारे ११ पट उष्णता निर्माण होते. घाटात हा भार आणखी वाढतो. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत गाडी सुमारे ५०० मीटर खाली उतरते. या उतारावर मुक्त होणारी ऊर्जा ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी १२ ते १३ वेळा पूर्ण थांबवण्याइतकी असते. इंजिन आणि हवेचा विरोध यांनी त्यातील वाटा उचलला नाही, तर सर्व भार ब्रेकवर पडतो.

पॅडचे प्रमुख प्रकार

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे पॅड उपलब्ध आहेत. सेंद्रिय पॅडमध्ये ॲरामिडसारखे तंतू, रबर आणि भरणद्रव्ये राळेने बांधलेली असतात. हे पॅड मऊ, कमी आवाजाचे व स्वस्त असून थंड असतानाही चांगली पकड देतात. मात्र ते लवकर झिजतात आणि अतिउष्णतेत त्यांची पकड कमी होते.

अर्धधातू पॅडमध्ये पोलादी तंतू, लोहचूर्ण व ग्रॅफाइट यांचा वापर होतो. धातूचे प्रमाण वजनाच्या साधारणपणे ३० ते ६५ टक्के असते. उष्णता लवकर वाहून नेत असल्याने घाट, जड भार आणि सततचा वेगवान प्रवास यांसाठी हे पॅड उपयुक्त ठरतात. आवाज, काळी भुकटी आणि डिस्कची अधिक झीज हे त्यांचे दोष होत.

सिरॅमिक पॅडमध्ये सिरॅमिक तंतू व भरणद्रव्ये असतात. ते शांत असतात, साधारणपणे अधिक टिकतात व त्यांची भुकटी चाकांवर कमी दिसते. त्यांची किंमत मात्र जास्त असते. केवळ महाग आहेत म्हणून ते प्रत्येक गाडीला योग्य ठरतातच असे नाही.

घाटात पकड का सुटते?

पॅड प्रमाणाबाहेर तापले की त्यातील राळेचे विघटन होऊन वायू बाहेर पडतो, घर्षण घटते आणि पाय जोराने दाबूनही गाडी पुरेशी थांबत नाही. दुसरा धोका ब्रेक ऑइलचा आहे. हे द्रव हवेतील ओलावा शोषते. डॉट-४ प्रकारच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळल्यास नळीत वाफ होते आणि पेडल खाली जाते. उत्तम पॅडही अशा वेळी उपयोगी पडत नाहीत. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय म्हणूनच घातक आहे. खालच्या गिअरमध्ये उतरल्यास इंजिन गाडीला रोखून धरते.

खरेदी करताना

अनेक पॅडच्या कडेवर दोन इंग्रजी अक्षरांचा संकेत छापलेला असतो. पहिले अक्षर सामान्य तापमानातील व दुसरे तप्त अवस्थेतील घर्षण दर्शवते. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५ आणि ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालच्या श्रेणीचे असल्यास तापल्यावर पकड घटते असा त्याचा अर्थ होतो. हा संकेत टिकाऊपणाची हमी देत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या युरोप आर्थिक आयोगाच्या नियम क्रमांक ९० नुसार, बदली पॅडची कामगिरी मूळ पॅडच्या तुलनेत १५ टक्क्यांच्या मर्यादेत असावी लागते. त्यामागील तत्त्व सर्वत्र लागू पडते. गाडीची ब्रेक यंत्रणा मूळ पॅडच्या घर्षणानुसार आखलेली असल्याने मोठा बदल समतोल बिघडवू शकतो.

पाकिटावर पॅड ॲस्बेस्टॉसमुक्त असल्याचा स्पष्ट उल्लेख पाहावा. ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा यांना कारणीभूत ठरतात. युरोपीय संघात २००५ पासून त्याच्या वापरावर बंदी असून, अमेरिकेने मार्च २०२४ मध्ये क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसवर बंदी जाहीर केली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगातील कामगारांचा आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले. ग्राहकाने पाच मिनिटांत निवडलेल्या पॅडची भुकटी गॅरेजमधील कारागीर वर्षानुवर्षे हाताळत असतो. ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

पॅडची जाडी सुमारे ३ मिलिमीटर उरली की ते बदलावेत. एकाच बाजूचा पॅड न बदलता एका आसावरील दोन्ही चाकांचे पॅड एकत्र बदलावेत. नवे पॅड बसवल्यानंतर सुरुवातीचे २०० ते ३०० किलोमीटर अत्यावश्यक प्रसंग वगळता जोराचे ब्रेक टाळावेत. नवे पॅड बसवून लगेच घाटाकडे निघणे इष्ट नाही.

केवळ महादेवपुरा ते कार्यालय एवढाच प्रवास असलेल्या गाडीला निर्मात्याने सुचवलेले सेंद्रिय किंवा सिरॅमिक पॅड बहुधा पुरेसे ठरतात. वारंवार भरल्या गाडीने घाट उतरणाऱ्यांनी त्याच गाडीसाठी मान्य असलेले, तप्त अवस्थेत पकड टिकवणारे पॅड घ्यावेत. निवड वर्षातील बहुतेक दिवसांच्या सोयीपेक्षा सर्वांत कठीण उताराकडे पाहून करणे अधिक सुरक्षित ठरते.