सांडव्यावरची जाळी

केळणा आणि धामणा या दोन नद्यांच्या संगमावर जालना जिल्ह्यातील जाफराबाद वसले आहे. येथील पाणी पुढे पूर्णेला आणि पूर्णेबरोबर गोदावरीला मिळते. उन्हाळ्यात या नद्यांची पात्रे कोरडी पडतात. त्यामुळे साठवलेल्या पाण्याचे मोल इथल्या माणसाला कुणी शिकवावे लागत नाही. जुलै २०१९ मध्ये मात्र साठवलेल्या पाण्याची भीतीही या खोऱ्याने अनुभवली. भोकरदन तालुक्यात शेलूद येथे धामणेवर धरण आहे. पावसाने ते भरत आले असताना त्याच्या सांडव्यातून पाणी झिरपताना दिसले आणि खालच्या गावांत घबराट पसरली. त्याच सुमारास, २ जुलैच्या रात्री, रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील लहानसे मातीचे धरण फुटून वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली होती. शेलूदचे धरण टिकले.

ही दोन्ही धरणे सरकारी आहेत. ती तपासणे हे कोणाचे काम, हे निदान विचारता तरी येते. पण जलाशय खासगी मालकीचा असेल आणि त्याचा उपयोग पोहणे, मासे धरणे, फिरणे अशा करमणुकीसाठी होऊ लागला, तर त्याची काळजी कोण घेतो? या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने १८८९ साली फार मोठी किंमत मोजून मिळवले.

कालव्याचे धरण, क्लबचे तळे

जॉन्सटाऊन हे पोलाद कारखान्यांचे गाव एका अरुंद खोऱ्यात वसले होते. त्याच्या वर सुमारे २३ किलोमीटरवर साऊथ फोर्क येथे राज्य सरकारने मातीचे धरण बांधले. उंची सुमारे २२ मीटर, लांबी सुमारे २८४ मीटर. उद्देश एकच होता : उन्हाळ्यात मालवाहतुकीच्या कालव्याला पाणी पुरवणे. काम १८३८ मध्ये सुरू झाले आणि रेंगाळत १८५३ मध्ये संपले. तोवर रेल्वे येऊन पोहोचली होती. कालवा निरुपयोगी झाला आणि १८५७ मध्ये धरणासह सारी व्यवस्था एका रेल्वे कंपनीने विकत घेतली. कंपनीला धरणाची गरज नव्हती. १८६२ मध्ये ते थोडे फुटले. तळ्यात पाणी कमी असल्याने फारसे नुकसान झाले नाही.

पुढच्या मालकाने धरणाच्या तळाशी असलेले लोखंडी नळ काढून भंगारात विकले. या नळांवाटे तळे हवे तेव्हा रिकामे करता येत असे. १८७९ मध्ये मालकी पुन्हा बदलली आणि तेथे शिकार व मासेमारीचा एक क्लब उभा राहिला. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक यांच्यासारखे धनाढ्य उद्योगपती त्याचे सभासद होते. क्लबने जुने खिंडार माती, दगड, झुडपे आणि गवत टाकून बुजवले. माथ्यावरून घोडागाड्या सुखाने जाव्यात म्हणून तो दोन-तीन फुटांनी खाली घेतला. आणि तळ्यात सोडलेले मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याच्या तोंडाशी जाळ्या बसवल्या.

यातली एकही गोष्ट दुष्टपणाने केलेली नव्हती. मासेमारीसाठी तळे घेतलेला माणूस मासे राखणारच. पण धरणाच्या दृष्टीने पाहिले तर पाणी सोडण्याच्या तिन्ही वाटांवर घाव पडला होता. तळातले नळ गेले, सांडव्यातून वाहू शकणाऱ्या पाण्याची खोली घटली आणि उरलेल्या वाटेवर जाळी आली.

तीन फुटांचा हिशेब

माथा दोन-तीन फुटांनी खाली आल्याने एवढे काय बिघडले? सांडव्यावरून वाहणाऱ्या पाण्याचा विसर्ग हा पाण्याच्या खोलीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात असतो. म्हणजे सांडव्यावर चढू शकणाऱ्या पाण्याची खोली निम्मी झाली, तर विसर्ग निम्मा होत नाही; तो सुमारे ३५ टक्क्यांवर, जवळजवळ एक तृतीयांशावर, येतो. जो थोडासा माथा कापला तोच अतिवृष्टीच्या दिवसासाठी राखलेला होता.

दगडी धरणावरून पाणी ओसंडले तर ते काही काळ तग धरू शकते. मातीच्या धरणाचे तसे नाही. माथ्यावरून वाहणारे पाणी बाहेरच्या उतारावरची माती खरवडत नेते. एक घळ पडते, घळीत पाणी एकवटते, त्याचा वेग वाढतो आणि घळ झपाट्याने रुंदावते. म्हणून मातीच्या धरणात भिंतीइतकेच महत्त्व सांडव्याला असते.

हा धोका कुणाच्याच लक्षात आला नव्हता असे नाही. १८८० मध्ये जॉन्सटाऊनच्या पोलाद कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी जॉन फुल्टन या तज्ज्ञाला धरण पाहण्यास पाठवले. गळती आहे आणि पाणी सोडण्याचे नळ नाहीत, असे फुल्टन यांनी कळवले. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी दाखवली. क्लबने धोका नसल्याचे सांगून ती नाकारली.

३१ मे १८८९ रोजी मुसळधार पावसाने तळे तुडुंब भरले. जाळ्यांत फांद्या आणि पालापाचोळा अडकला. माणसांनी माथ्यावर माती चढवली, दुसरा सांडवा खणायला घेतला. शेवटी जाळ्या काढण्याचा प्रयत्न झाला, पण वेळ निघून गेली होती. धोक्याच्या तारा खाली गेल्या, परंतु अशा अफवा लोकांनी अनेकदा ऐकल्या होत्या. दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले आणि सुमारे दीड कोटी घनमीटर पाणी खोऱ्यात उतरले. तासाभरात ते जॉन्सटाऊनला पोहोचले. २,२०९ माणसे मेली.

अभियंत्यांच्या समितीने १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात म्हटले की, बदल केले नसते तरीही धरण फुटलेच असते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी गणिते पुन्हा मांडली. क्लबच्या बदलांमुळे विसर्गाची क्षमता निम्म्याहून कमी झाली होती आणि मूळ रचनेचे धरण त्या दिवशी टिकले असते, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

दोष कुणाचा?

क्लबकडून न्यायालयात कुणालाही भरपाई मिळाली नाही. इंग्लंडमध्ये मात्र १८६८ मध्येच एक तत्त्व ठरले होते. एका गिरणीमालकाच्या तळ्याचे पाणी शेजारच्या कोळशाच्या खाणीत शिरले होते. धोकादायक वस्तू आपल्या जमिनीवर साठवणाऱ्याने, ती निसटल्यास, हयगय सिद्ध झाली नाही तरी नुकसान भरून द्यावे, असे न्यायालयाने म्हटले. पुढे १८७४ मध्ये दक्षिणेतील कार्वेटनगरच्या जमीनदाराची तळी फुटून मद्रास रेल्वेचे नुकसान झाले, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने हे तत्त्व जसेच्या तसे लावले नाही. येथील तळी ही लोकांच्या जगण्याची जुनी गरज आहे, ती राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे. त्याने हयगय केली नसेल तर तो दोषी नाही, असा त्या निकालाचा आशय होता. दोन्ही निकालांमागे समाजाची गरज दिसते. पण भारतीय निकालातही ‘हयगय केली नसेल तर’ ही अट आहेच.

आपल्या धरण सुरक्षा कायद्याच्या (२०२१) कक्षेत १५ मीटरहून उंच धरणे आणि काही अटी पूर्ण करणारी १० ते १५ मीटर उंचीची धरणे येतात. त्याहून लहान तळ्यांचा पहारेकरी मालक आणि गाव हेच.

आपल्या शिवारातली तळी

काही तळी फुटत नाहीत, तरीही माणसे नेतात. लोणावळ्याचे भुशी धरण वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून रेल्वे कंपनीने बांधले. इंजिने गेली आणि ते पावसाळी सहलीचे ठिकाण झाले. ३० जून २०२४ रोजी त्याच्याजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. गुडघाभर पाणीही मग गुडघाभर राहत नाही.

जालना जिल्ह्यात खासगी जलाशय म्हणजे शेततळे. कडवंचीसारख्या गावाने शेततळ्यांवर द्राक्षबागा जगवल्या. २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेने ती वाढली. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि बाजूंना एकास एक उतार असलेल्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. तळे पिकासाठी असते. पण उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना ते पोहण्याचा हौद वाटते. इथेही उपयोग बदलला, रचना तीच राहिली.

एकास एक उतार म्हणजे ४५ अंश. अशा उतारावर न घसरता उभे राहायचे, तर घर्षणांक किमान १ हवा. ओल्या प्लास्टिकच्या कागदावर तो त्याहून बराच कमी असतो. शेवाळ आले की आणखी घटतो. म्हणून पट्टीचा पोहणाराही काठाला हात लागूनही वर येऊ शकत नाही. त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तसाच अडकतो.

हे वर्गात दाखवता येते. फळीवर प्लास्टिकचा कागद ताणून बसवा, त्यावर चप्पल ठेवा आणि फळी हळूहळू उचला. चप्पल घसरू लागते तो कोन मोजा. त्या कोनाचा टॅन्जन्ट म्हणजे घर्षणांक. मग कागद ओला करून पुन्हा मोजा. आलेला कोन ४५ अंशांशी ताडून पाहा. विद्यार्थ्यांना वेगळा उपदेश करावा लागणार नाही.

त्यानंतर त्यांना आपापल्या शिवारातील तळ्यांची पाहणी करू द्या. मात्र मोठ्या माणसासोबत आणि कुंपणाबाहेरूनच. कुंपण आहे का? चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडून वर खुंटाला पक्का बांधला आहे का? काठावर हवा भरलेली ट्यूब आहे का? कुणी बुडत असेल तर उडी न मारता दोर फेकायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे का? बंधारा असेल तर सांडवा मोकळा आहे का, की मासे राहावेत म्हणून कुणी तेथे जाळी लावली आहे?

साऊथ फोर्कची जाळी लावणाऱ्याला फक्त मासे दिसत होते. धरण पाहताना वरच्या पाण्याबरोबर खालचे गावही दिसले पाहिजे, आणि तळे पाहताना त्यातून बाहेर यायची वाटही.