हमी बापाला, कर्ज पोराला



बेरोजगार तरुणांसाठी नवी योजना आली की वस्तीत आधी बॅनर लागतो, मग बँकेचे हेलपाटे सुरू होतात. सरकार रोजगार देते की नुसतेच कर्ज, हे इतिहासातून तपासायला हवे.

१९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी मांडले होते की मूलभूत उद्योग शासनाच्या मालकीचे असावेत, शेती शासकीय उद्योग असावा आणि दोन्हींना लागणारे भांडवल शासनाने पुरवावे. ती कलमे संविधानात आली नाहीत. आपली रखडपट्टी तिथूनच सुरू होते.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. १९७७ ला कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. वि. स. पागे यांना श्रेय द्यायलाच हवे, कारण काम मागणाऱ्याला काम देणे शासनावर बंधनकारक झाले. पण काम कोणते? बांधबंदिस्ती, नाला, खडी. आपल्या आईबापांनी त्यावर घर चालवले, पोरांना शिकवले. बी.ए. झालेल्या पोराला मात्र हमी नव्हती. त्याच्या वाट्याला कर्ज आले.

१९७८ ला महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ निघाले. त्याच्या बीजभांडवल योजनेचे गणित असे: ७५ टक्के बँक, २० टक्के महामंडळ, ५ टक्के अर्जदार. म्हणजे महामंडळ आपले, पण निर्णय बँकेचा! २ ऑक्टोबर १९९३ ला सुशिक्षित बेरोजगारांसाठी प्रधानमंत्री रोजगार योजना आली. २००८ मध्ये तिच्या जागी पीएमईजीपी आली. तिच्यात अनुसूचित जातीच्या अर्जदाराला ग्रामीण भागात ३५ टक्के, शहरात २५ टक्के अनुदान आहे. कागदावर उत्तमच. पण बँकेने कर्ज मंजूर केल्याशिवाय अनुदान येत नाही, आणि आले तरी ३ वर्षे बँकेतच अडकून राहते.

ज्यांच्या सात पिढ्यांकडे सातबारा नव्हता, बाजारपेठेत गाळा नव्हता, त्यांना मॅनेजर विचारतो, “तारण काय? जामीनदार कोण?” खरे तर किमान १० लाखांपर्यंतच्या सूक्ष्म व लघु उद्योगाच्या कर्जाला तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलेले आहे. हे आपल्या किती पोरांना माहीत आहे?

२०१६ च्या स्टँड अप इंडियाने १० लाख ते १ कोटीचे कर्ज देऊ केले. प्रत्येक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला ते द्यायचे होते. मार्जिन मात्र २५ टक्के! त्यातला काही भाग दुसऱ्या योजनेतून आणता येत होता, तरी किमान १० टक्के स्वतःचे हवे होते. २० लाखांच्या प्रकल्पाला २ लाख रोख. रोजंदारीवरच्या घरात ते कुठून येणार? २०२१ ला मार्जिन १५ टक्क्यांवर आणले, तेही ५ वर्षांनी.

तालुक्यातल्या प्रत्येक सरकारी बँकेच्या शाखेला माहिती अधिकारात विचारा: या योजनांचे आपल्या समाजाचे अर्ज किती आले, किती परत पाठवले, आणि परत पाठवताना लेखी कारण काय दिले?