भुईमुगातील तण आणि तणनाशके

यवतमाळ जिल्ह्याची ओळख कापसाची असली, तरी ओलिताची सोय असलेल्या भागात उन्हाळी भुईमूग हे नगदी उत्पन्न देणारे पीक आहे. भुईमुगाचे झाड बुटके आणि सुरुवातीची वाढ संथ असल्याने तणांशी स्पर्धेत ते मागे पडते. पेरणीनंतरचे पहिले सहा आठवडे निर्णायक असतात. या काळात तण राहिले, तर उत्पादन निम्म्यापर्यंत घटू शकते. पुढे आऱ्या जमिनीत शिरू लागल्या की डवरणी करता येत नाही, कारण आऱ्या तुटतात. निंदणासाठी मजूर वेळेवर मिळत नसल्याने शेतकरी तणनाशकांकडे वळले.

भुईमुगात केना, कुंजरू, माठ, घोळ, दुधी ही रुंद पानांची, तर हराळी व लव्हाळा ही चिवट बहुवार्षिक तणे आढळतात. एकच तणनाशक या सर्वांवर चालत नाही.

पेंडीमिथॅलीन (३० टक्के) हे उगवणीपूर्वी वापरायचे तणनाशक आहे. हेक्टरी एक किलो क्रियाशील घटक, म्हणजे सुमारे ३.३ लिटर औषध पेरणीनंतर लगेच, ओलसर जमिनीवर फवारतात. अंकुरणाऱ्या तणांच्या पेशीविभाजनात ते अडथळा आणते. त्यामुळे उगवून आलेल्या तणांवर त्याचा उपयोग होत नाही आणि कोरड्या जमिनीत परिणाम कमी मिळतो.

इमॅझेथापायर (१० टक्के) उगवणीनंतर, तणे दोन ते चार पानांवर असताना, हेक्टरी एक लिटर वापरतात. ते तणांतील आवश्यक अमिनो आम्लांची निर्मिती थांबवते. भुईमूग मात्र या रसायनाचे विघटन लवकर करतो, म्हणून तो वाचतो. काही वेळा पाने तात्पुरती पिवळी पडतात, वाढ किंचित थबकते. त्याचा अंश जमिनीत टिकत असल्याने पुढील ज्वारी वा मोहरीसारख्या पिकांना धोका संभवतो. क्विझॅलोफॉप-इथाईल केवळ गवतवर्गीय तणांवर काम करते. केना किंवा लव्हाळ्यावर ते निष्प्रभ ठरते.

ग्लायफोसेट निवडक नसल्याने उभ्या भुईमुगालाही मारते. २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचनेद्वारे त्याच्या वापरावर निर्बंध घातले. टू-फोर-डी रुंद पानांच्या पिकांना घातक असून कापूस त्याला अतिशय संवेदनशील आहे. वाऱ्याने उडालेले तुषार किंवा पंपात राहिलेला अंशही शेजारच्या पऱ्हाटीची पाने आकसवतो. त्यामुळे तणनाशकासाठी पंप वेगळा ठेवणे शहाणपणाचे.

सुरक्षिततेचा प्रश्न या जिल्ह्यात विशेष गंभीर आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत जिल्ह्यातील वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. त्या घटना प्रामुख्याने कीटकनाशकांच्या होत्या. तथापि हातमोजे, मुखपट्टी, वाऱ्याची दिशा आणि लेबलवरील मात्रा यांचा धडा तणनाशकांनाही लागू पडतो.

एकाच गटाचे तणनाशक वर्षानुवर्षे वापरल्यास त्याला न जुमानणारी तणे वाढतात. म्हणून पेरणीनंतर एक फवारणी, आऱ्या सुटण्यापूर्वी एक डवरणी व निंदणी आणि पिकांची फेरपालट असा मेळ घातल्यास खर्च आटोक्यात राहतो आणि जमिनीवरील रासायनिक भारही कमी होतो.