अंड्याचं कवच आणि निर्भेळ वायू

चाळीसगावजवळचं पाटणे आपल्याला ठाऊक आहे ते पाटणादेवीमुळे आणि भास्कराचार्यांमुळे. त्यांचा नातू चांगदेव याच्या मठाचा तिथला शिलालेख इ. स. १२०७चा, भाऊ दाजी लाडांनी तो उजेडात आणला. दगडावर शकच कोरलेला, त्यामुळे काळाचा वाद नाही. त्याच गावात १९७२-७३ साली पुरातत्त्व खात्याच्या एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं, तेव्हा अश्मयुगीन थरांत शहामृगाच्या अंड्यांची कवचं निघाली. काहींचे मणी केलेले, एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी. खानदेशात शहामृग! या कवचांचा काळ नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या प्रयोगशाळेने काढून दिला: कार्बन-१४च्या हिशेबात २५,००० वर्षं, दोनशे वर्षं मागेपुढे.

हा आकडा पुस्तकांत सर्रास भेटतो. तो ज्या वायूतून निघाला त्याचं नाव मात्र कुणी काढत नाही.

विलार्ड लिबी यांनी १९४९च्या सुमारास शिकागोत कार्बन-१४ने पहिले काळ काढले ते घन कार्बनवर. नमुन्याची काजळी करायची आणि गायगर नळीला आतून लेपायची. पुढे अणुचाचण्यांची किरणोत्सारी धूळ जगभर पसरली आणि ती या काजळीला चिकटू लागली. ग्रोनिंगेनचे हेसेल द फ्रीस यांनी नमुन्याचा कार्बन डायऑक्साइड करून तोच मोजणीनळीत भरला. कवच तर कॅल्शियम कार्बोनेटचंच. आम्ल टाकलं की वायू फसफसून बाहेर.

अडचण पुढे होती. कार्बन-१४चा अणू फुटला की वायूत इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि मधल्या तारेकडे धावतात. तारेवरचा तो ठोका मोजायचा. वायूत ऑक्सिजन किंवा क्लोरीन दहा लाखांत काही भाग जरी उरला, तरी तो वाटेतच इलेक्ट्रॉन गिळतो आणि ठोका मंदावतो. म्हणून वायू तापलेल्या तांब्यावरून आणि चांदीवरून न्यायचा. तांबं ऑक्सिजन धरतं, चांदी क्लोरीन आणि गंधक. रेडॉन या किरणोत्सारी वायूचा घोळ वेगळा. तो खोटे ठोके देतो, पण त्याचा अर्धायुकाल ३.८ दिवसांचा, तेव्हा वायू काही आठवडे नुसता ठेवून द्यायचा. माझ्या मते या तंत्रातली सगळ्यात शहाणी पायरी हीच, कारण ती फुकट आहे.

आजचा कार्बन मिसळला तर काय होतं याचा हिशेब सोपा आहे. २५,००० वर्षांनी मूळ कार्बन-१४पैकी साडेचार टक्केच उरतो. त्यात एक टक्का ताजा कार्बन शिरला, तर काळ सुमारे १,६०० वर्षांनी अलीकडे सरकतो. पाटण्याच्या आकड्यापुढची ‘मागेपुढे दोनशे’ ही मोजणीची चूक. भेसळीची चूक त्यात धरलेली नसते.

स्थिर समस्थानिकांकडे, म्हणजे न फुटणाऱ्या कार्बन-१३कडे, वळलं की ठोके संपतात आणि वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर येतो. १९५०च्या सुमारास नमुन्याचा वायू आणि प्रमाण वायू आळीपाळीने यंत्रात सोडत. नमुना वाहून नेणाऱ्या वाहक वायूची गरजच नव्हती. १९७८ साली मॅथ्यूज आणि हेज यांनी मिश्रणातले घटक वेगळे करणारा गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्राला जोडला आणि नमुना हेलियमच्या प्रवाहावर स्वार झाला. हेलियम कशाशी संयोग पावत नाही आणि त्याचं वस्तुमान अवघं ४. पण आता नमुना चिमूटभर आणि हेलियम भरमसाट, त्यामुळे हेलियमचा मळ तोच नमुन्याचा मळ. ओलावा तर अट्टल तोतया: पाण्यातला हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडला चिकटला की ४४चं वस्तुमान ४५ होतं, आणि जड कार्बन, म्हणजे कार्बन-१३, असलेल्या रेणूचंही ४५च. ज्वारी-बाजरी खाणाऱ्याचं हाड गहू खाणाऱ्याच्या हाडापासून वेगळं काढायचं, तर कार्बन-१३च्या प्रमाणात हजारांत दहा-पंधरा भागांचा फरक मिळतो. तो ठळक. बारीक कामात फरक हजारांत एखाद्या भागाचा असतो, आणि तिथे हा तोतया सहज फसवतो.

सिलिंडरवर ९९.९९९ टक्के लिहिलेलं असतं. ते सिलिंडरापुरतं खरं; रेग्युलेटर, नळ्या आणि सांधे यांची जबाबदारी आपली. म्हणून नमुना घालण्याआधी यंत्रावर १८, २८, ३२ आणि ४० ही वस्तुमानं पाहतात: पाणी, नायट्रोजन, ऑक्सिजन, आरगॉन. ४०चा आकडा वाढला, तर एखाद्या सांध्यातून हवा आत येते आहे.