कातडीतले पहारेकरी

आज आपण खाजेचा इतिहास ऐकणार आहोत. खाजेला कसला आलाय इतिहास, असं कुणी म्हणेल. पण अंगाला खाज का सुटते, हे कळायला माणसाला शंभर वर्षांहून जास्त काळ लागला आणि त्या गोष्टीतलं एक मोठं प्रकरण आपल्या महाराष्ट्रात घडलं. त्याचं कारण ठरलेलं झाड आज खारबावच्या बांधावर, रुळांच्या कडेला आणि गोदामांमधल्या मोकळ्या जागेतही दिसतं. पांढऱ्या बारीक फुलांचं, गाजरासारख्या पानांचं. आपण त्याला गाजर गवत म्हणतो, कुणी काँग्रेस गवत म्हणतं.

हे गवत मूळचं अमेरिका खंडातलं. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचं बी इथे आलं, असं सांगतात. पुण्याच्या परिसरात ते सापडल्याची नोंद शेषगिरी राव या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली. एका झाडाला हजारो बिया धरतात. वारा, पाणी, गाड्यांची चाकं, मालाची पोती यांच्याबरोबर ते देशभर पसरलं.

मग पुण्यातल्या डॉक्टरांकडे एक नवीन दुखणं येऊ लागलं. चेहरा, पापण्या, मान आणि कोपराची खोबण लाल व्हायची, सुजायची, पाणी सुटायचं आणि खाजेने झोप उडायची. पुढे कातडी जाड, काळपट, चामड्यासारखी व्हायची. शेतात नि उघड्यावर राबणाऱ्यांना हा त्रास जास्त. डॉ. लोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या दुखण्यावर लिहिलं, तेव्हा जगभरच्या त्वचारोग डॉक्टरांचं लक्ष पुण्याकडे गेलं. गवतातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याने हे होतं, हे समजलं. वाळलेल्या गवताच्या भुशातही ते द्रव्य असतं. म्हणून गवताला हात न लावताही, नुसत्या वाऱ्याने उडालेल्या कणांनी चेहरा फुलतो.

आता प्रश्न असा की, एकाच बांधावर दहा जणी निंदणी करतात, मग त्रास एकीलाच का? तिचं रक्त खराब आहे का? कुणाचा शाप आहे का? यातलं काहीच नाही. याचं उत्तर कातडीच्या आत आहे, आणि ते शोधण्याची गोष्ट सुरू होते १८६८ मध्ये, बर्लिनमध्ये.

पॉल लँगरहान्स नावाचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी माणसाच्या कातडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. वरच्या थरात त्याला फांद्या फुटल्यासारख्या पेशी दिसल्या. त्याला वाटलं, या नसांच्या पेशी असाव्यात. पुढची शंभर वर्षं त्यांचं खरं काम कुणालाच नीट कळलं नाही.

दहा वर्षांनी, १८७८ मध्ये, पॉल अर्लिक या दुसऱ्या जर्मन विद्यार्थ्याला दाण्यांनी ठासून भरलेल्या पेशी सापडल्या. खाऊन खाऊन लठ्ठ झाल्यात असं वाटून त्याने त्यांना मास्ट पेशी म्हटलं. ते दाणे खाल्लेलं अन्न नव्हतंच. ती भरून ठेवलेली दारू होती, फटाक्यातली असते तशी.

तिसरी गोष्ट १८८२ ची, इटलीतल्या मेसिना गावची. इल्या मेचनिकॉव्ह यांच्या घरची मंडळी सर्कस पाहायला गेली होती आणि ते एकटे सूक्ष्मदर्शकाशी बसले होते. त्यांनी समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात बागेतला काटा टोचून ठेवला. सकाळी पाहतात तो काट्याभोवती पेशींचा घोळका. आपल्या पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी तिथे सूज येते, ठणका लागतो. तोही हाच घोळका. कुणी न शिकवता, जन्मापासून शरीरात पहारा देणाऱ्या पेशी. या शोधासाठी मेचनिकॉव्ह यांना १९०८ चं नोबेल मिळालं, अर्लिक यांच्यासोबत.

या मेचनिकॉव्ह यांचेच एक विद्यार्थी मुंबईला आले होते, वाल्देमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा त्यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. म्हणजे पहारेकरी पेशी आपल्याला वाचवतात हे तेव्हा कळू लागलं होतं. पण हेच पहारेकरी घरच्या माणसावर काठी उगारू शकतात, हे कळायचं होतं.

१९०६ मध्ये व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोग डॉक्टरांनी शरीराच्या अशा बदललेल्या वागण्याला नाव दिलं, ॲलर्जी.

आता मासळीची गोष्ट ऐका, आपल्या खाडीकाठच्या घरांना जवळची वाटेल. हाइन्झ क्युस्टनर या डॉक्टरांना शिजवलेली मासळी खाल्ली की अंगावर पित्त उठायचं, गांध्या यायच्या. १९२१ मध्ये त्यांच्या रक्तातलं पाणी सहकारी कार्ल प्राउस्निट्झ यांनी स्वतःच्या पोटाच्या कातडीत टोचून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिथेच मासळीचा अर्क टोचला, आणि ज्यांना मासळी बाधत नव्हती त्यांनाही तिथे गांधी आली. म्हणजे दोष मासळीत नव्हता, रक्तातल्या कशात तरी होता. ते काय, हे १९६६ मध्ये जपानी दांपत्य किमिशिगे आणि तेरुको इशिझाका यांनी अमेरिकेत शोधलं. त्याला आयजीई म्हणतात. हे आयजीई मास्ट पेशीला वातीसारखं चिकटून बसतं. ज्या वस्तूशी वाकडं, ती वस्तू आली की वात पेटते, दाणे फुटतात, त्यातलं हिस्टामिन बाहेर पडतं आणि काही मिनिटांत गांध्या उठतात. आपल्याकडे पित्तावर आमसुलाचं पाणी लावतात, त्याने थंड वाटतं. पण ओठ-जीभ सुजली, धाप लागली, चक्कर आली, तर आमसूल भिजवत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.

गाजर गवताची खाज मात्र वेगळ्या वाटेने येते. तिथे काम करतात लँगरहान्सने पाहिलेल्या फांद्यांच्या पेशी. १९७३ मध्ये इंगा सिल्बरबर्ग या बाईंनी अशा खाजेत या पेशींचा हात असल्याचं दाखवलं. त्याच वर्षी राल्फ स्टाइनमन यांनी या पेशींच्या भाऊबंदांचं वर्णन केलं. त्यांना २०११ चं नोबेल जाहीर झालं, पण तीन दिवस आधीच ते वारले होते.

या पेशी करतात काय? गवताचं द्रव्य कातडीत शिरलं की त्याचा नमुना उचलतात आणि काखेतल्या, मानेतल्या गाठींपर्यंत नेतात. तिथे दुसऱ्या पांढऱ्या पेशींना बजावतात, "हा चेहरा लक्षात ठेवा." या शिकवणीला साधारण दोन आठवडे लागतात आणि तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. कुणाच्या शरीराला ही शिकवण लवकर बसते, कुणाला वर्षानुवर्षं गवतात राबूनही बसत नाही. पण एकदा बसली की सहसा विसरली जात नाही. मग गवताचा संबंध आला की एक-दोन दिवसांत कातडी पेटते. म्हणून तर बाई म्हणते, "काल काहीच केलं नाही, मग आज कसं झालं?" कारण दोन दिवसांपूर्वीच्या निंदणीत असतं.

हे कळल्यावर तीन गोष्टी आपोआप कळतात.

पहिली, हे लागट नाही. गवताची ॲलर्जी झालेल्या सुनेचं ताट, पांघरूण वेगळं करण्याचं कारण नाही. खरूज आणि नायटा लागट असतात. म्हणून खाज कोणती, हे आधी डॉक्टरांकडून ओळखून घ्या. १८९५ मध्ये योझेफ याडासोन यांनी दाखवलेली पट्टीची तपासणी आजही मोठ्या रुग्णालयांत करतात. पाठीवर पट्ट्या लावतात आणि दोन दिवसांनी पाहतात. दोन दिवस का, ते आता तुम्हाला माहीत आहे.

दुसरी, दुकानातून कुणाच्याही सांगण्यावरून मलम आणू नका. बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. ते पहारेकऱ्यांना झोपवतं, म्हणून पटकन बरं वाटतं. पण नायट्यावर लावलं तर तो आतून पसरतो, आणि चेहऱ्यावर फार दिवस लावलं तर कातडी पातळ होते. डॉक्टरांनी दिलं, तर सांगितलं तितकेच दिवस लावायचं.

तिसरी, पहारेकऱ्यांना चिडवणारी वस्तू दूर ठेवणं हाच खरा उपाय. गवत फुलावर येण्याआधी, पावसाने माती मऊ असताना मुळासकट उपटा. हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल हवा. काम संपल्यावर हात-तोंड धुवा, कपडे बदला. जिला ॲलर्जी आहे तिने हे काम करूच नये. गावाच्या सफाईत तिला दुसरं काम द्या. तिची मजुरी बुडू नये, हे बघणं गटाचं काम आहे.

येत्या बैठकीत एवढंच विचारा, आपल्या गटात पावसाळ्यात कुणाचा चेहरा आणि मान फुलते? लाजून कुणी दोन-तीन वर्षं सोसत असेल. तिला एकटीला पाठवू नका. एक जण सोबत आरोग्य केंद्रात जा.