क्ष-किरण फिल्म, सिटी बस आणि शाळेचं जेवण

सरकार नेमकं काय करतं, असं विचारलं तर आपण सांगतो: कायदे करतं, कर घेतं, अनुदान देतं. आणखी एक काम पटकन सुचत नाही. सरकार खरेदी करतं! दवाखान्यातली औषधं, बसगाड्या, रस्त्याची खडी, शाळेतला तांदूळ. युरोपीय संघात ही सरकारी खरेदी राष्ट्रीय उत्पन्नाच्या साधारण १४ टक्के भरते. इतक्या मोठ्या गिऱ्हाइकाने ठरवलं, तर एखादा मागे पडलेला प्रदेश वर काढता येईल का? माझं पदव्युत्तर शिक्षण विज्ञानातलं, त्यामुळे मला असा प्रश्न प्रयोगासारखा बघायची सवय आहे. आणि हा प्रयोग इटलीत खरोखर झालेला आहे.

इटलीचा उत्तर भाग कारखान्यांचा आणि सधन, तर दक्षिण भाग शेतीवर जगणारा आणि गरीब. या दक्षिणेला तिथे ‘मेत्झोजोर्नो’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर ही दरी बुजवण्यासाठी १९५० मध्ये एक खास निधी उभा केला गेला. त्याच्या जोडीला आणखी एक साधन होतं: सरकारी खरेदीतला ठरावीक वाटा दक्षिणेतल्या उद्योगांसाठी राखून ठेवायचा. १ मार्च १९८६ च्या ६४ क्रमांकाच्या कायद्याने ही सक्ती सगळ्या सार्वजनिक संस्थांना, अगदी स्थानिक आरोग्य यंत्रणेलाही लागू केली. निदान ३० टक्के माल दक्षिणेत प्रक्रिया झालेलाच घ्यायचा.

त्याच वर्षी संगमरवराच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या कर्रारा गावच्या आरोग्य यंत्रणेने क्ष-किरणांच्या फिल्म आणि त्या धुवायची रसायनं यांची निविदा काढली. नियमाप्रमाणे दोन भाग केले आणि ३० टक्क्यांचा भाग दक्षिणेसाठी ठेवला. ड्युपाँट कंपनीच्या इटालियन शाखेचा कारखाना दक्षिणेत नव्हता, म्हणून तिला त्या भागातून वगळण्यात आलं. कंपनी न्यायालयात गेली. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत पोहोचलं आणि २० मार्च १९९० रोजी निकाल लागला: असं आरक्षण युरोपच्या सामायिक बाजारात चालणार नाही.

इटलीचा युक्तिवाद ऐकण्यासारखा होता. हा नियम उत्तर इटलीच्या कंपन्यांनाही तितकाच अडवतो, मग परदेशी मालाशी भेदभाव कुठे झाला? शिवाय ही मागास भागाला दिलेली मदतच आहे. न्यायालयाने दोन्ही मुद्दे नाकारले. काही देशी कंपन्यांचंही नुकसान होतं म्हणून परदेशी मालाशी होणारा भेदभाव माफ होत नाही. आणि एखाद्या गोष्टीला ‘मदत’ म्हटलं म्हणून खुल्या व्यापाराचे नियम बाजूला ठेवता येत नाहीत.

म्हणजे पत्ता बघून खरेदी करायचा रस्ता बंद झाला. मग दुसरा शोधला गेला: पत्त्याऐवजी गुण बघायचे.

१९९७ मध्ये हेलसिंकी शहराने एका बसमार्गाची निविदा काढली. त्यात किमतीबरोबरच नायट्रोजन ऑक्साइडचं उत्सर्जन आणि आवाज कमी असणाऱ्या बसगाड्यांना जास्त गुण ठेवले. कंत्राट मिळालं शहराच्याच वाहतूक विभागाला. त्याच्याकडे नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या गाड्या होत्या. हरलेल्या कंपनीची तक्रार स्वाभाविकच होती: ही अट पाळू शकणारे असून असून किती? पण १७ सप्टेंबर २००२ च्या निकालात न्यायालयाने असे निकष मान्य केले. मात्र निकष कंत्राटाच्या विषयाशी जोडलेला हवा, आधी जाहीर केलेला हवा, खरेदीदाराला मनमानी करू देणारा नको आणि भेदभावाचा नको.

हीच युक्ती इटलीत शाळांच्या स्वयंपाकघरात दिसते. १९९९ च्या ४८८ क्रमांकाच्या कायद्याने शाळा आणि रुग्णालयांच्या जेवणात सेंद्रिय आणि पारंपरिक पदार्थ वापरायला सांगितलं. रोमने शाळेच्या जेवणाच्या निविदांमध्ये ताजेपणाला गुण दिले. भाजी तोडल्यापासून ताटात येईपर्यंत किती दिवस गेले, हे मोजायचं. ‘आमच्याच शेतकऱ्याकडून घ्या’ असं कुठेही लिहिलेलं नाही. पण तीन दिवसांत ताटात पोहोचणारी भाजी साधारण कुठून येणार, हे तुम्हीच सांगा!

इथे थोडं थांबूया, कारण खरी अडचण पुढे आहे. भाजीचा ताजेपणा अंतरावर अवलंबून असतो, क्ष-किरण फिल्मचा नाही. दक्षिणेत बनलेली फिल्म आणि उत्तरेत बनलेली फिल्म प्रयोगशाळेत सारखीच निघेल. त्यामुळे गुणांचा रस्ता शेतकऱ्याला आणि पर्यावरणाला उपयोगी पडला, पण गरीब प्रदेशात कारखाना उभा करू पाहणाऱ्याच्या हातात त्यातून फारसं काही आलं नाही. न्यायालयाने जे साधन काढून घेतलं, त्याची पूर्ण भरपाई नव्या साधनाने होत नाही. युरोपचा २०१४ चा खरेदी निर्देश मोठ्या कंत्राटांचे छोटे भाग करायला सांगतो, आणि केले नाहीत तर कारण द्यायला लावतो. त्याने छोट्या उद्योगाला दार उघडतं. पण आधी त्या भागात उद्योग असायला तर हवा.

आपल्याकडे हा पेच अजून वेगळ्या टप्प्यावर आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या सरकारी खरेदी करारात भारत सदस्य नाही, २०१० पासून फक्त निरीक्षक आहे. त्यामुळे आपल्याला मोकळीक जास्त. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षभरातल्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून करावी, असा नियम आहे. २०१२ च्या आदेशात हा वाटा २० टक्के होता. पण हे माप उद्योगाच्या आकाराचं आहे, प्रदेशाचं नाही. पुण्यातला लघुउद्योग आणि गडचिरोलीतला लघुउद्योग या हिशोबात सारखेच!

म्हणून निविदा वाचताना फक्त सर्वात कमी दर कोणाचा, एवढंच बघू नका. तिथे आणखी कशाला गुण दिलेत आणि कंत्राट किती मोठं बांधलंय, हेही बघा. कोणता प्रदेश या खरेदीत येणार आणि कोणता बाहेर राहणार, हे बरंचसं त्या दोन ओळींतच ठरलेलं असतं.