टोळ, सील आणि साखर

आज दोन प्राणी घेऊया. एक नाकतोड्याच्या कुळातला टोळ, दुसरा समुद्रातला सील. आपल्या देवळाली प्रवऱ्यात नाकतोडा उसाच्या बांधावर कधीही दिसतो. सील आपण बघितलाय तो फक्त मोबाईलवर.

वर्गीकरण म्हणजे फोल्डरमध्ये फोल्डर, असं समजा. प्राण्यांसाठी ते १७५८ मध्ये लिनियसनं नीट बसवलं. 'प्राणी' हे पहिलं फोल्डर दोघांचं एकच, आणि लगेच वाटा फुटतात. टोळ संधिपाद, त्यात कीटक, म्हणजे रातकिड्याचा भाऊबंद. सील पृष्ठवंशीय, सस्तन, मांसभक्षी गणातला. दिसतो माशासारखा, पण नातं कुत्र्या-अस्वलांशी.

इतके लांबचे असूनही आययूसीएनच्या लाल यादीत दोघांच्या एकेका जातीपुढे एकच शेरा आहे: नामशेष.

सील होता कॅरिबियन मंक सील. १४९४ मध्ये कोलंबसच्या खलाशांनी आठ मारले, तिथून सुरुवात. पुढे चरबीच्या तेलासाठी कत्तल झाली. ते तेल दिव्यात जळायचं आणि तिथल्या ऊसमळ्यांच्या यंत्रांना वंगण म्हणून लागायचं. साखर कारखान्यांच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे वाचून जरा कसंतरीच होतं. शेवटचा सील दिसला १९५२ मध्ये. अमेरिकेनं त्याला संकटग्रस्त यादीत घातलं १९६७ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी! नामशेष जाहीर केलं २००८ मध्ये.

टोळ होता रॉकी पर्वतातला. १८७५ च्या एका थव्याचा अंदाज पाच लाख चौरस किलोमीटर, आख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठा. आणि १९०२ नंतर जिवंत एकही नाही. तो ज्या नदीखोऱ्यांत अंडी घालायचा तिथे वसाहतवाल्यांनी नांगर फिरवला, हे त्याचं सगळ्यात पटणारं कारण.

गंमत पुढे आहे. १९२१ मध्ये उवारॉव्हनं दाखवलं की एकच टोळ एकटा असताना वेगळा दिसतो, गर्दीत वेगळा. मग काहींना वाटलं, हा रॉकी टोळ म्हणजे दुसऱ्याच एका नाकतोड्याचं गर्दीतलं रूप असणार. वेगळी जातच नाही, तर नामशेष काय होणार? आमच्या भाषेत, तिकीट 'डुप्लिकेट' म्हणून बंद. तो स्वतंत्र जात होता हे पक्कं व्हायला डीएनए तपासणीपर्यंत थांबावं लागलं. सीलच्या बाबतीत असा घोळ झाला नाही, पण म्हणून तो वाचला असंही नाही.

आपल्याकडचा मुंबई टोळ मात्र आहे. त्याच्या प्रजातीचं शास्त्रीय नावच 'पतंगा'. १९०१ ते १९०८ त्यानं धुमाकूळ घातला, १९२७ नंतर त्याची धाड आलेली नाही, तरी तो एकटादुकटा जगतोय. २०२० मध्ये अमरावती-नागपूरकडे आले ते वाळवंटी टोळ, त्यांची जात वेगळी.

आणि रॉकी टोळ? तो वायोमिंगच्या नाईफ पॉइंट हिमनदीत गोठलेला सापडला, लॉकवूड नावाच्या कीटकशास्त्रज्ञाला. ती हिमनदीही आता वितळतेय.